स्टॉकिंग्ज किती दिवस घालायचे? एका आकड्याचा इतिहास

व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन झालेल्या कोणाचंही डिस्चार्ज कार्ड पाहिलंत, तर त्यात साधारण त्याच चार सूचना सापडतात. लगेच चालायला लागा. बसताना पाय वर घ्या. जखम कोरडी ठेवा. आणि स्टॉकिंग्ज घाला. पहिल्या तीन सूचना बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. चौथीत मात्र एक आकडा असतो आणि तो डॉक्टरागणिक बदलतो. कोणी दोन दिवस सांगतं, कोणी एक आठवडा, कोणी तीन आठवडे, तर कोणी चक्क सहा.

पेशंट हा आकडा निमूटपणे पाळतो. (किंवा पाळत नाही आणि डॉक्टरांना सांगत नाही. त्याबद्दल पुढे बोलू.) पण तुम्ही रिसर्चच्या वाटेवर निघाला आहात, म्हणून तुम्ही विचारायला हवं की हा आकडा आला कुठून? कोणी मोजला? कशाशी तुलना करून मोजला?

आज याच एका आकड्याचा माग काढू. विषय मुद्दाम छोटा घेतलाय. पहिलं प्रपोजल लिहिताना आपल्या सगळ्यांना कॅन्सर बरा करायचा असतो आणि हवामान वाचवायचं असतं. प्रत्यक्षात चांगला प्रश्न बहुतेक वेळा अशाच एखाद्या रोजच्या, कोणी न तपासलेल्या सूचनेत लपलेला असतो. एक खुलासा आधीच करते. मी मूळची भौतिकशास्त्राची, डॉक्टर नाही. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आपल्या सर्जनचंच ऐकायचं, या पोस्टचं नाही.

आधी थोडं भौतिकशास्त्र

पायातलं रक्त हृदयाकडे परत जातं तेव्हा ते चढण चढत असतं. तुम्ही उभे राहिलात की घोट्यापासून हृदयापर्यंत साधारण १२० सेंटीमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ तयार होतो. अकरावीतलं द्रवस्तंभाच्या दाबाचं सूत्र वापरून बघा. घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका दाब येतो. (पुढे नुसतं 'मिमी' म्हटलं की ते पाऱ्याचे मिलिमीटर समजा, ब्लड प्रेशरमध्ये असतात तेच.)

निरोगी माणूस चालायला लागला की पोटरीचा स्नायू दर पावलाला आतल्या शिरा पिळतो आणि रक्त वर ढकलतो. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, त्या रक्त परत खाली येऊ देत नाहीत. काही पावलांतच घोट्याजवळचा दाब २० ते ३० मिमीपर्यंत उतरतो. झडपा निकामी झाल्या की मात्र वर ढकललेलं रक्त पुन्हा खाली येतं आणि चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. त्वचेखालच्या शिरा फुगतात, वळणं घेतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याला सूज येते. काही जणांना पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला न भरणारी जखम होते.

या झडपांचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पादुआच्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये शिरांतल्या झडपांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, चित्रांसकट. पण त्या काळच्या समजुतीप्रमाणे रक्त शिरांमधून बाहेर, हातापायांकडे जातं असं तो धरून चालला होता. त्यामुळे झडपा रक्ताचा वेग कमी करतात, असा त्याने अर्थ लावला. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये त्याच झडपा पुरावा म्हणून वापरल्या आणि रक्त हृदयाकडे परत येतं, हे दाखवलं. निरीक्षण दोघांचं एकच होतं. हार्वीने विचारलेला प्रश्न वेगळा होता.

सुरुवात ऑपरेशनपासून नाही, जखमेपासून

पाय आवळून बांधण्याची पद्धत ऑपरेशनपेक्षा फार जुनी आहे. पायाला जखम असताना उभं राहू नये, हा सल्ला हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत बंधांचे म्हणजे बँडेजचे १४ प्रकार दिलेत. कोश, स्वस्तिक, मंडल, अनुवेल्लित वगैरे. त्याहून मला जास्त आवडतं ते पुढचं वर्गीकरण. शरीराच्या कोणत्या भागावर बंध गाढ असावा, कुठे सम आणि कुठे शिथिल, असे आवळण्याचे तीन दर्जे तिथे सांगितलेत. दाब जागेनुसार बदलायला हवा, हा विचार म्हणजे आधीपासून आहे.

इथे थांबा. यावरून 'कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी होते' असं वाक्य लिहायचा मोह होईल. ते लिहू नका. सुश्रुत तिथे जखमेच्या बंधांबद्दल बोलतोय, शिरांतल्या उलट्या प्रवाहाबद्दल नाही. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये जुना संदर्भ देताना त्या माणसाचा प्रश्न कोणता होता हे आधी बघायचं. आपला प्रश्न त्याच्या तोंडी घालायचा नाही.

फुगलेल्या शिरा आणि पायाची जखम यांचा संबंध स्पष्टपणे मांडणाऱ्यांत रिचर्ड वाइजमन हे मोठं नाव. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा हा सर्जन. १६७६ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने पायाच्या जखमांसाठी एक मोजा सुचवला. चामड्याचा, पुढून बुटासारखा दोरीने आवळायचा. सूज उतरली की दोरी आणखी ओढायची. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १७९७ मध्ये, ब्रिस्टलच्या थॉमस बेंटनने चिकट पट्ट्या पायाभोवती गुंडाळून जखमा भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

या टप्प्यावर एक गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे. आतापर्यंत दाबाचं काम एकच होतं, न भरणारी जखम भरवणं. शिरेतला बिघाड तसाच राहणार, म्हणून मोजाही महिनोन्महिने, कधी आयुष्यभर. 'खूप दिवस घाला' ही सवय इथली आहे.

रबर आणि पोहण्याचा तलाव

चामडं ताणलं जात नाही, सुती पट्टी सैल होते. खरा बदल रबराने झाला. १८४० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हँकॉक यांनी रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची पेटंट घेतली. लगेच, १८४८ मध्ये, विल्यम ब्राऊन या इंग्रजाने रबराच्या धाग्यांच्या लवचिक मोज्याचं पेटंट घेतलं. उघडं रबर अंगाला घासतं, ही अडचण होतीच. १८५१ मध्ये जोनाथन स्पार्क्सने त्या धाग्यावर सूत आणि रेशीम गुंडाळण्याची युक्ती काढली. आज तुमच्या हातातल्या स्टॉकिंगमध्ये रबराच्या जागी कृत्रिम लवचिक धागा असेल, पण त्यावर दुसरा धागा गुंडाळायची कल्पना तीच.

मोजा घट्ट बसू लागला. तो नेमका किती दाबतोय हे मात्र कोणी मोजत नव्हतं. आणि दाब कुठे जास्त, कुठे कमी हवा?

इथे कॉनराड जॉब्स्ट येतो. जर्मनीतून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गेलेला इंजिनिअर. त्याला स्वतःला पायांच्या शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. इंजिनिअर असल्यामुळे त्याला कारणही लगेच दिसलं. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. १ मीटर खोल पाण्यात तो सुमारे ७३ मिमी असतो. म्हणजे छातीइतक्या पाण्यात घोट्यावर बाहेरून पडणारा दाब शिरेतल्या आतल्या दाबाच्या अगदी जवळ पोचतो, आणि वर येताना दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात कमी होतात. १९५० च्या सुमारास जॉब्स्टने घोट्याला सर्वांत जास्त आणि वर कमी कमी होत जाणारा दाब देणारे स्टॉकिंग्ज बाजारात आणले. 'ग्रॅज्युएटेड कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच.

असा उतरता दाब कापडात आणायचा कसा? इथे लाप्लासचा नियम कामी येतो. दाब हा कापडातल्या ताणाच्या सम प्रमाणात आणि पायाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, घोट्याचा घेर २२ सेंटीमीटर आणि पोटरीचा ३६. कापडाचा ताण दोन्हीकडे सारखा ठेवला, तरी पोटरीवरचा दाब घोट्यावरच्या दाबाच्या साधारण ६१ टक्केच राहील. पायाचा आकारच अर्धं काम करतो. बाकीचं विणकामाने साधायचं.

याच नियमाची दुसरी बाजूही बघा. स्टॉकिंग वरून दुमडलं की गुडघ्याखाली कापडाचे दोन थर होतात. ताण दुप्पट, म्हणून दाबही जवळपास दुप्पट, आणि तो नको त्या जागी. 'वरची किनार दुमडू नका' असं नर्स बजावते ते उगाच नाही.

ऑपरेशन आलं आणि मोज्याला नवी कामं लागली

१८९० च्या सुमारास जर्मनीत फ्रेडरिक ट्रेंडेलेनबुर्गने मांडीतली मोठी शीर बांधून खालचा उलटा प्रवाह थांबवण्याचं ऑपरेशन मांडलं. १९०५ ते १९०७ या तीन वर्षांत केलर, मेयो आणि बॅबकॉक या अमेरिकन सर्जननी ती शीरच ओढून काढायची तंत्रं दिली. स्ट्रिपिंग म्हणतात ते हेच. पुढची नव्वदेक वर्षं याच पद्धतीचं राज्य होतं.

शीर ओढून काढली की मांडीत एक लांब बोगदा राहतो. छोट्या फांद्या तुटलेल्या असतात, रक्त त्या बोगद्यात साठतं. म्हणून टेबलावरच घट्ट बँडेज. यात शंका घेण्यासारखं काही नाही, कापलेल्या बोटावर आपण दाब देतो तसंच. रक्त थांबतं ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत.

पण बँडेज निघाल्यावर स्टॉकिंग आलं आणि त्याच्याकडून निरनिराळ्या अपेक्षा जमत गेल्या. रक्त साकळून निळे-काळे डाग पडू नयेत. दुखू नये. सूज येऊ नये. खोल शिरेत गुठळी होऊ नये. आणि आजार परत उलटू नये. ही पाच वेगवेगळी कामं आहेत. पहिल्याला दोन दिवस लागतील, शेवटच्याला दोन वर्षंही पुरणार नाहीत. सगळी एकाच मोज्यावर टाकली आणि दिवसांचा आकडा मात्र एकच. शिवाय जखमेच्या उपचारातली 'खूप दिवस' ही सवय पाठीशी होतीच. सहा आठवडे हा आकडा अशा वातावरणात रुळला.

मोजे तरी एकच का? १९७५ मध्ये सिगेल आणि सहकाऱ्यांनी झोपून असलेल्या पेशंटसाठी दाबाची एक उतरती भाजणी दिली. घोट्याला १८ मिमी, पोटरीला १४, गुडघ्यामागे ८, मांडीच्या खालच्या भागात १०, वर ८. या भाजणीत मांडीच्या मुख्य शिरेतला प्रवाह वेगवान होतो, असं त्यांना आढळलं. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या आधी पायात चढवतात ते पांढरे स्टॉकिंग्ज या वंशातले. ते पडून असलेल्या माणसासाठी आहेत. हिंडत्या-फिरत्या पेशंटला देतात ते साधारण जास्त दाबाचे असतात.

आता 'क्लास २' हे लेबल घ्या. ब्रिटनच्या मानकाप्रमाणे त्याचा अर्थ घोट्यावर १८ ते २४ मिमी. जर्मनीत २३ ते ३२. फ्रान्समध्ये १५ ते २०. म्हणजे फ्रान्सचा क्लास २ आणि जर्मनीचा क्लास २ एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत! दोन पेपरमध्ये 'क्लास २ स्टॉकिंग्ज' असं वाचून तुम्ही त्यांचे निकाल एकत्र केलेत, तर तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंची बेरीज करताय. लेबल कधीच कॉपी करू नका, त्यामागचा आकडा शोधा.

सहा, तीन, एक

सहा आठवड्यांच्या सवयीची थेट तपासणी १९९९ मध्ये छापून आली. रॅरेटी, ग्रेनी आणि ब्लेअर या ब्रिटिश सर्जननी रँडमाइज्ड ट्रायल केली. पेपरच्या शीर्षकातच निकाल आहे: व्हेरिकोज व्हेन्सच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या कॉम्प्रेशनचा फायदा नाही.

२००७ मध्ये बिस्वास, क्लार्क आणि शील्ड्स यांनी २२० पेशंटवर एक आठवडा विरुद्ध तीन आठवडे अशी तुलना केली. स्ट्रिपिंगनंतर एका आठवड्यापुढे स्टॉकिंग्ज घालून फायदा दिसला नाही.

२००९ मध्ये नेदरलँड्समधल्या हाउटरमान्स-ऑकेल आणि सहकाऱ्यांनी १०४ पेशंट घेतले. सगळ्यांना तीन दिवस बँडेज. मग अर्ध्यांना चार आठवडे स्टॉकिंग, बाकीच्यांना काहीच नाही. पायाची सूज आणि दुखणं, दोन्हींत स्टॉकिंगचा जास्तीचा फायदा आढळला नाही.

२०१३ च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. उपचारानंतर कॉम्प्रेशन द्यायचंच असेल तर ७ दिवसांपेक्षा जास्त देऊ नका. जिथे सहा आठवड्यांची रीत होती, तिथे आकडा सातव्या दिवसावर आला.

झालं, प्रश्न सुटला? आता हेच तीन पेपर रेफरीच्या नजरेने वाचू.

पहिली गोष्ट, तुलना कशाशी? २००९ च्या ट्रायलमध्ये 'काहीच नाही' या गटालासुद्धा तीन दिवस बँडेज होतंच. त्यामुळे 'ऑपरेशननंतर दाबाची गरज नाही' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की तीन दिवसांनंतर पुढे चालू ठेवल्याने या पेशंटना जास्तीचा फायदा झाला नाही.

दुसरी गोष्ट, वस्तू कोणती? २००७ च्या ट्रायलमधले मोजे त्या पांढऱ्या, कमी दाबाच्या जातीचे होते. तो निकाल ३० मिमीच्या मोज्याला आपोआप लागू होत नाही.

तिसरी गोष्ट, काय मोजलं? १०४ पेशंटमध्ये दुखणं किंवा सूज यांतला बऱ्यापैकी फरक दिसू शकतो. खोल शिरेतली गुठळी मात्र विरळा घडते. समजा, ती १०० त एकाला होते. मग ५२ जणांच्या गटात सरासरी अर्धी गुठळी अपेक्षित! एवढ्याशा संख्येवर गुठळीबद्दल काहीच म्हणता येणार नाही. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायवामध्ये यावर हमखास प्रश्न येतो.

मोज्याखालचं ऑपरेशनच बदललं

तेवढ्यात शस्त्रक्रियाच बदलली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रीक्वेन्सी आली, त्याच सुमारास लेझर. आता शीर ओढून काढत नाहीत. अल्ट्रासाऊंडवर बघत आत बारीक तार घालतात आणि शीर आतून तापवून बंद करतात. बोगदा नाही, मोठा रक्तस्राव नाही. पेशंट त्याच दिवशी घरी.

म्हणजे घट्ट बँडेजचं जे मूळ कारण होतं, तेच उरलं नाही. स्ट्रिपिंगवर काढलेला आकडा लेझरला चालेल का? इथे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागला.

२०१३ मध्ये बाकर आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये लेझरनंतर दोन दिवस विरुद्ध सात दिवस अशी तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या आठवड्याच्या शेवटी सात दिवसवाल्यांना दुखणं कमी होतं आणि हालचाल सोपी जात होती. सहा आठवड्यांनी फरक उरला नव्हता. २०२१ मध्ये लंडनमधल्या 'कोमेटा' या ट्रायलचा निकाल छापून आला. २०६ पेशंट, सात दिवस स्टॉकिंग विरुद्ध अजिबात नाही. स्टॉकिंगवाल्यांना दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत दुखणं कमी होतं. फुगलेल्या फांद्याही त्याच बैठकीत छोट्या छेदांतून काढल्या होत्या, त्यांना हा फायदा विशेष जाणवला. शीर बंद राहण्याच्या प्रमाणात किंवा कामावर परतण्याच्या दिवसांत मात्र दोन्ही गट सारखेच.

बघा, उत्तर कुठे येऊन थांबलं. स्टॉकिंगचा पुरावा भक्कम आहे तो पहिल्या आठवड्यातल्या दुखण्यापुरता. ऑपरेशन टिकवण्याचं श्रेय त्याला देता येत नाही. चार-पाच दिवसांचं कमी दुखणं ही छोटी गोष्ट नाही, ज्याचा पाय आहे त्याला विचारा. पण या फायद्याची किंमत काय मोजायची हे मग पेशंटशी बोलून ठरवता येतं. २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांचाही कल तसाच आहे, कालावधी पेशंट बघून ठरवा.

'स्टॉकिंग शीर दाबून बंद ठेवतं' हे नेहमीचं स्पष्टीकरणही आकड्यांवर घासून बघण्यासारखं आहे. २००५ मध्ये पार्च पितापुत्रांनी अल्ट्रासाऊंडखाली पोटरीतल्या शिरा किती दाबाने पूर्ण मिटतात हे मोजलं. झोपलेल्या माणसात २० ते २५ मिमी पुरतात. उभ्या माणसात सुमारे ७० लागतात. जॉब्स्टचा तलाव आठवतोय? तो ७० च्या घरात जातो. बाजारातलं २०-३० चं स्टॉकिंग उभ्या माणसात तिथवर पोचत नाही. मग ते दुखणं कमी करतं ते कशाने? सूज रोखून, की हादरे कमी करून, की पायाला आधार वाटतो म्हणून?

मोजा अंगाला कळतो

'आधार वाटतो म्हणून' हे मी सहज लिहिलेलं नाही. गोळीच्या ट्रायलमध्ये साखरेची गोळी देता येते, मोज्याचं काय करणार? घातलाय की नाही हे पेशंटला कळतंच. आणि दुखणं तर तोच सांगणार.

यावर एक उपाय शेजारच्या विषयात झाला. खोल शिरेत गुठळी झालेल्या लोकांना दोन वर्षं स्टॉकिंग घालायला सांगत, पुढे पायाला कायमचा त्रास राहू नये म्हणून. १९९७ मध्ये ब्रँडयेस आणि सहकाऱ्यांनी १९४ पेशंटवर केलेल्या ट्रायलमध्ये त्रासाचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं होतं. तिथे दुसऱ्या गटाला मोजा नव्हता. २०१४ मध्ये सुझन कान यांच्या नेतृत्वाखालची 'सॉक्स' ट्रायल छापून आली. कॅनडा आणि अमेरिका, ८०६ पेशंट. एका गटाला ३० ते ४० मिमीचं स्टॉकिंग. दुसऱ्याला दिसायला तसंच, पण ५ मिमीपेक्षा कमी दाबाचं. निकाल: १४.२ टक्के आणि १२.७ टक्के. फायदा दिसेनासा झाला.

यावर वाद झाला, आणि तो वाचण्यासारखा आहे. टीकाकार म्हणाले, बऱ्याच पेशंटनी मोजे नियमित घातलेच नाहीत, मग मोज्याचा दोष कसा? इथे सुरुवातीचा तो कंस आठवा. रँडमाइज्ड ट्रायलमध्ये आपण चिठ्ठी काढून वाटतो तो सल्ला. मोजा प्रत्यक्ष पायात किती तास होता ही वेगळी संख्या आहे. दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण तुमचा पेपर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय, हे पहिल्या पानावर स्पष्ट असलं पाहिजे.

आपल्याकडचा प्रश्न

ऑपरेशननंतरच्या ज्या ट्रायल्सचे आकडे मी वर दिले, त्या ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या हवेत झाल्यात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे मांडीपर्यंतचं घट्ट स्टॉकिंग दिवसभर घालणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घाम, खाज, पुरळ. शिवाय ज्यांना हा आजार जास्त छळतो त्यांच्यात दिवसभर उभं राहून काम करणारे पुष्कळ. बस कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, सलूनवाले, पोळ्या लाटणाऱ्या बायका. गुडघे दुखणाऱ्या आजींना वाकून तो मोजा चढवताच येत नाही, घरातलं कोणीतरी लागतं. आणि पायाच्या रोहिण्यांतच रक्त कमी पोचत असेल, मधुमेहात हे बऱ्याचदा होतं, तर घट्ट मोजा घातक ठरू शकतो. म्हणून आधी घोट्याचा नाडीदाब तपासतात.

एक आठवड्याचा आकडा इथे तसाच लागू पडेल? गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरेल? फक्त जागेपणी घातला तर? ४० अंशांत घामाने भिजलेल्या, रोज धुतलेल्या कापडाचा ताण सातव्या दिवशी किती उरतो? शेवटचा प्रश्न तर मेडिकल कॉलेजही मागत नाही. ताण मोजायचं यंत्र आणि एक टेक्स्टाइल लॅब पुरे. यातला प्रत्येक प्रश्न एका एम.एस्सी. प्रोजेक्टच्या आवाक्यातला आहे, आणि त्याच्या उत्तराची वाट बघणारा खरा माणूस पाय वर करून बसलेला आहे.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. आपापल्या विषयातली अशी एक सूचना शोधा, जिच्यात आकडा आहे आणि जी सगळे पाळतात. किती मिनिटं उकळायचं, किती दिवसांनी खत द्यायचं, किती वेळा धुवायचं. मग संदर्भांमागचे संदर्भ उघडत मागे मागे जा. आकडा पहिल्यांदा कुठे छापला गेला ते गाठा आणि तिथे चार गोष्टी लिहून काढा. तुलना कशाशी होती, वस्तू नेमकी कोणती, मोजलं काय आणि कोणावर. शेवटचा संदर्भ 'प्रचलित पद्धतीनुसार' एवढ्यावरच संपला, तर तुमच्या प्रपोजलचं पहिलं पान तयार आहे.

काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या पोस्टमध्ये त्यातले दोन-तीन प्रश्न घेऊन सॅम्पल साइझ कसा काढायचा ते करून बघू.